दगड कुठवर येतात

तात्या चौतीस वर्षं पोकलेन चालवत होते. नळाचे चर, पुलांचे पाये, कालवे, शाळेच्या मैदानाचं सपाटीकरण, सगळं त्यांनी केलेलं. बकेटीच्या टोकाने काडेपेटी उचलणारा माणूस अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. खरं तर हे त्यांनी एकदाच, एका मुकादमाशी पैज लावून केलं होतं आणि काडेपेटी थोडी चेपलीही होती, पण ख्यातीला तेवढं पुरतं. भूगर्भशास्त्राच्या बाई त्यांच्या दारात आल्या त्या हीच गोष्ट ऐकून.

बाई पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, बोलायला मोजक्या. त्यांना एक चर खणून हवा होता. वीस मीटर लांब, तीन मीटर खोल, कडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत्या, म्हणजे आत उतरलेल्या माणसावर माती बसणार नाही. आणि बकेटीला दात नकोत, गुळगुळीत धार हवी. जागा म्हणजे तात्यांचंच कड्याखालचं रान.

तात्यांनी विचारलं, "त्यात घालायचं काय?"

"काही नाही. उतरायचं आणि बघायचं. झालं की बुजवायचं."

तात्यांनी हे जेवताना घरी सांगितलं तेव्हा त्यांची बायको म्हणाली की नुसतं बघायचंच असेल तर ती गेली तीस वर्षं त्यांचं तोंड बघतेय, तिला कुणी बोलावणं पाठवलं नाही. मुलगा आणि सून हसले. चौघं बाजारातल्या टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायची. खालून दिवसभर रबराचा वास यायचा, तो कपड्यांत मुरायचा, धुतला तरी जायचा नाही. सून इस्पितळात एक्स-रे काढायची. तिथल्या डॉक्टरांनी एकदा तिला विचारलं होतं की घरी सायकलचं दुकान आहे का. तिने ते घरी येऊन सांगितलं, आणि मुलगा त्यानंतर घर बांधायच्या मागे हात धुऊन लागला. तो गवंडीकामाची कंत्राटं घ्यायचा, लोकांची वीसेक घरं त्याने उभी केली होती. आता स्वतःचं बांधत होता, त्याच रानाच्या खालच्या अंगाला, जिथे जमीन सपाट होती आणि ऊन संध्याकाळपर्यंत टिकायचं. खांबांचे खड्डे तात्यांनीच खणून दिले होते. त्यांत सळयांचे पिंजरे बांधून उभे होते. पंधरा दिवसांनी काँक्रीट ओतायचं ठरलं होतं.

चर खणायला चार दिवस लागले. इतकं हळू काम तात्यांनी कधी केलं नव्हतं. बाई कडेला उभ्या राहून हाताने खूण करायच्या, तेवढीच, चार बोटं माती तात्या सोलून काढायचे. पाचव्या दिवशी मशीन बंद झालं आणि बाई खुरपी घेऊन आत उतरल्या. त्या भिंत खरवडून साफ करू लागल्या, वर दोऱ्यांच्या चौकटी ताणू लागल्या, ठिकठिकाणी रंगीत टाचण्या टोचू लागल्या. तात्यांना सांगितलं होतं, आता तुम्ही बसा, लागेल तेव्हा हाक मारते. पण बसणं हे तात्यांच्या अंगात नव्हतं. दोन तास त्यांनी मशीनला तेल घातलं, जिथे नको तिथेही घातलं, आणि मग तेही खाली उतरून म्हणाले, "द्या एक खुरपी."

बाईंनी दिली. कसं धरायचं ते दाखवलं. वरून खाली ओढायचं, दाबायचं नाही, रंग बदलला की थांबायचं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तात्यांना पट्टे दिसायला लागले. सगळ्यात वर नांगरटीची भुरकट माती. तिच्याखाली तपकिरी थर. मग बारीक रेती, मग कोळशासारखा काळा पट्टा, हाताच्या पंजाएवढा जाड, आणि तळाला गोल गोटे. बाईंनी सांगितलं की गोटे नदीचे आहेत, कधीकाळी नदी इथून वाहायची. काळा पट्टा दलदलीचा, नदी सरकून गेल्यावर इथे पाणी साचून वेत वाढले, कुजले, त्याचा. तात्यांनी त्या पट्ट्यातून एक चपटी काडी काढली. गवताचं पातं होतं ते. किती जुनं असेल विचारलं तर बाई म्हणाल्या प्रयोगशाळा सांगेल, पण हजारांत बोलावं लागेल. तात्यांनी ते पातं परत होतं तिथे ठेवायचा प्रयत्न केला. तो काही जमला नाही.

दुपारी ते काळा पट्टा खरवडत खरवडत डावीकडे सरकत होते. चांगला सरळ चालला होता. आणि एका जागी तो संपला. हळूहळू विरत नाही, सुरीने कापावा तसा संपला. तात्यांना वाटलं आपल्याच खुरपीने काही बिघडवलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि तो पट्टा त्यांना पुन्हा सापडला. पलीकडे, पण त्यांच्या छातीशी. इकडे गुडघ्याशी होता.

दोन्ही टोकांवर दोन तळहात ठेवून ते उभे राहिले. मधून एक रेघ वर नांगरटीच्या मातीपर्यंत गेली होती, गवताच्या पात्याइतकी बारीक, आणि तिच्या आत मऊ करडी माती होती, बोटाला साबणासारखी लागणारी.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मी याच्यासाठी आले," त्या म्हणाल्या. "याला भ्रंश म्हणतात. इकडचा डोंगर आणि तिकडचा डोंगर इथे एकमेकांना टेकलेत."

तात्यांनी त्या रेघेकडे पाहिलं आणि मग मान वर करून आधी एका बाजूचा कडा आणि मग दुसऱ्या बाजूचा डोंगर पाहिला. लहानपणापासून ते या दोघांच्या मधे वावरले होते. ते वेगवेगळे असतील असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

मग बाईंनी त्यांना वरच्या थराशी नेलं. रेतीचा थर त्याच रेघेवर तुटला होता, पण तो फक्त दीड वीत वर गेला होता. तपकिरी थर एक वीत. आणि सगळ्यात वरची नांगरटीची माती अजिबात तुटलेली नव्हती. तात्यांना क्षणभर कळेना, एकाच भेगेवर खालचा थर जास्त आणि वरचा कमी कसा सरकला. बाई थांबल्या. तात्याच म्हणाले, थोडे अडखळत, की खालच्याने जास्त वेळा धक्का खाल्लाय. वरचा नंतर जन्माला आला.

"किती वेळा?" बाईंनी विचारलं, परीक्षा घेतल्यासारखं नाही, खरोखर विचारलं.

तात्यांनी मोजलं. तीन.

"मलाही तीनच दिसतात," बाई म्हणाल्या आणि वहीत लिहिलं.

त्या संध्याकाळी तात्यांनी त्यांना बांधाचा विनोद सांगितला. विनोद घराण्यातला जुना होता. रानाच्या मधून एक दगडी बांध जायचा, घरात ज्यांना नुसतं खापरपणजोबा म्हणत त्या सात पिढ्यांमागच्या पूर्वजाने घातलेला. बांध वरपासून सरळ यायचा, मधेच माणूसभर बाजूला सरायचा आणि परत सरळ व्हायचा. घरातले सांगायचे की खापरपणजोबा दुपारी जेवायला गेले, तिथे काहीतरी प्यायले, आणि परत येऊन त्यांनी उरलेला बांध जिथे पाय पडला तिथून पुढे घातला. तात्यांचे वडील हे सांगताना उठून झोकांड्या खाऊन दाखवायचे. लग्नात, बारशात, एकदा तर कुणाच्या तेराव्यालाही त्यांनी ते करून दाखवलं होतं.

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, दाखवा.

बांध चरापासून चाळीस पावलांवर होता. बाईंनी मुलाची लाइनदोरी मागितली, ती बांधाच्या वरच्या भागाला लावून पुढे ताणली, तशीच खालच्या भागाला लावून मागे ताणली. दोन दोऱ्या एकमेकींना समांतर राहिल्या, मधे अंतर ठेवून. त्यांनी फीत लावली. दोन मीटर दहा सेंटीमीटर. मग त्यांनी बांध जिथे बाक घेतो त्या जागेवर उभं राहून चराकडे बोट केलं. चरातल्या भेगेवरून निघालेली रेषा सरळ बाकातून जात होती आणि पुढे पलीकडच्या खिंडीत शिरत होती.

"ते प्यायले नव्हते," बाई म्हणाल्या. "त्यांनी बांध सरळच घातला होता. जमीन सरकली. वीतभर वर आणि माणूसभर बाजूला, एका दमात, मिनिटाच्या आत."

तात्या बांधापाशी बसले. दगडांवर शेवाळ होतं. बाकाच्या जागी दोन दगड एकमेकांवर रेलले होते, आणि तात्यांच्या लक्षात आलं की तिथे चिणलेला एकही दगड घडवलेला नाही, नुसतं भरताड घातलंय. म्हणजे कुणीतरी मागाहून ते भगदाड बुजवलं होतं. त्या माणसाने ते सगळं पाहिलं असणार. त्याच्या पायांखालून रान सरकलं असणार. मग त्याच्या मुलाने ते ऐकलं असेल, नातवाने अर्धंमुर्धं ऐकलं असेल, आणि कुठल्यातरी पिढीत कुणालातरी वाटलं असेल की याच्यापेक्षा दारूची गोष्ट बरी, निदान पोरं हसतात. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली. बाईंना वाटलं त्यांना उकडतंय.

बाईंनी मग दोन्ही डोंगरांवरच्या खुणांबद्दल सांगितलं. खडकात भोक पाडून पोलादी खिळे बसवले होते, इकडे तीन, तिकडे तीन. दरवर्षी त्यांवर यंत्र बसवून उपग्रहांकडून जागा मोजायची. गेल्या पाच वर्षांत इकडचे खिळे तिकडच्यांच्या मानाने वर्षाला चार मिलिमीटर सरकत होते. पण भेग स्वतः हलत नव्हती, ती घट्ट अडकलेली होती. डोंगर मागून ढकलतोय आणि भेग दाबून धरतेय, असं शेकडो वर्षं. मग एक दिवस ती धरू शकत नाही. तात्यांनी बोटाच्या नखाकडे पाहिलं आणि चार मिलिमीटर म्हणजे केवढं ते पाहिलं. एवढंसं. आणि डोंगर केवढा.

सहाव्या दिवशी बाईंनी चर वरच्या अंगाला आणखी दोन मीटर वाढवायला सांगितला. तिथे जमिनीतून एका धोंड्याची पाठ वर आलेली होती, ताटाएवढी. घरातले तिला कासव म्हणायचे. बकेट तिच्या बाजूने खाली उतरली, आणखी उतरली, आणि धोंडा काही संपेना. शेवटी तो उघडा झाला तेव्हा एखाद्या खोलीएवढा होता. त्याला अडून वरची माती इथे बरीच जाड साचली होती, आणि तिच्याखाली तो तपकिरी थरावर बसला होता. थर त्याच्या वजनाने वाटीसारखा खोल दबला होता.

तात्यांना आता विचारावं लागलं नाही. भेग त्याच थराच्या माथ्यापर्यंत येऊन संपत होती. म्हणजे तपकिरी थर ही त्या वेळची जमीन होती. रान तुटलं, बांध सरकला आणि हा धोंडा वरून आला, ते एकाच वेळी झालं असावं. त्यानंतर दोनशे वर्षं माती वाहत आली आणि त्याच्यावर चढली, इतकी की त्याचं कासव झालं आणि पोरं त्यावर उभं राहून उड्या मारायला लागली. तात्यांनीही मारल्या होत्या.

त्यांनी वर कड्याकडे पाहिलं. कड्यात एक फिकट खाच होती. ती त्यांनी रोज पाहिली होती.

पुढचे दोन दिवस बाई रानातले सगळे धोंडे मोजत हिंडल्या, आणि तात्या फितीचं दुसरं टोक धरून. अठ्ठावीस धोंडे निघाले. प्रत्येकाची लांबी, रुंदी, उंची, कड्याच्या पायथ्यापासूनचं अंतर. कुठल्यावर शेवाळाचे डाग केवढे, कुठला मातीत किती रुतलाय, हेही लिहिलं. सगळे काही एकदम आलेले नव्हते. काही फार जुने, काही तात्यांच्या आजोबांच्या वेळचेही असतील. सगळ्यात लांबचा ओढ्याच्या काठाला होता, म्हशीएवढा. तिथे बाईंनी लेझरचं मोजयंत्र तिपाईवर बसवलं, कड्याच्या माथ्याकडे रोखलं, आकडा लिहिला. मग यंत्र उचलताना त्यांची नजर मुलाच्या सळयांच्या पिंजऱ्यांवर गेली आणि यंत्र त्यांनी परत तिपाईवर ठेवलं.

तात्या ते कधीपासून बघत होते. ओढा खाली, पिंजरे वर.

"बाई, खरं सांगा."

"मी मोजायला आलेय, तात्या. कुणी घर कुठे बांधावं हे सांगायला नाही."

"मग मोजून सांगा."

बाईंनी फीत उलगडली. ओढ्याकाठच्या धोंड्यापासून पहिल्या खड्ड्यापर्यंत बेचाळीस मीटर भरले. घर बेचाळीस मीटर आत होतं. दगड जिथवर पोचू शकतात हे दगडांनीच लिहून ठेवलं होतं, आणि घर त्या लिहिलेल्याच्या अलीकडे होतं.

तात्यांनी घरी हे सांगितलं ते चुकीच्या वेळी. मुलगा सिमेंटच्या गोण्यांची व्यवस्था करून नुकताच आला होता, खुशीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की दगड तिथे त्याच्या जन्माच्या आधीपासून आहेत, तात्यांच्या जन्माच्या आधीपासून आहेत. दोनशे वर्षांत कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. आणि पुढचा भूकंप आणखी चारशे वर्षांनी आला तर तोवर ते घर असणार आहे का, घरमालक असणार आहे का. तात्यांनी बाईंचं म्हणणं सांगून पाहिलं, की भेग काही वेळापत्रक पाळत नाही, आणि दगडाला पडायला भूकंपच लागतो असंही नाही, पाणी आणि थंडीही पुरते. मुलगा उठून हात धुवायला गेला आणि तिथून म्हणाला, "खड्डे तुम्हीच खणलेत, तात्या. तेव्हा नाही दिसलं?"

तात्यांनी आठवून पाहिलं. नव्हतंच दिसलं.

तीन दिवस बापलेक एकमेकांकडे न बघता जेवत होते. तात्यांची बायको दोघांच्या मधे मिठाची वाटी सरकवायची तेवढीच काय ती हालचाल. चौथ्या दिवशी सुनेची सकाळची पाळी नव्हती. ती कुणाला न सांगता रानात गेली, शिडीवरून चरात उतरली आणि बाईंना म्हणाली, मी बघू का. बाई बाजूला झाल्या.

सून भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. तात्या वरून बघत होते. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे गेली, परत आली, भेगेपाशी वाकली. इस्पितळात ती फोटो उजेडासमोर धरून असाच बघत असणार. मग तिने विचारलं की हे मोडल्यावर मधल्या काळात भरून आलंय का, आणि परत त्याच जागी मोडलंय का. बाईंनी आश्चर्याने होकार दिला.

"हाड एकदा मोडलं की बरं होतं, पण त्या जागेवर आम्ही नेहमी दुसऱ्यांदा बघतो," ती म्हणाली. मग तिने धोंड्याखालची वाटीसारखी दबलेली माती पाहिली. तिने तिथे हात घातला, कोपरापर्यंत. बाहेर काढला तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. घाबरलेली नव्हती. कुणी फार मोठं माणूस समोर आल्यावर आपण जसे जरा सावरून उभे राहतो, तशी ती उभी होती.

वर आल्यावर ती तात्यांना म्हणाली, "त्यांना इथे आणते. सांगून नाही कळणार हे."

तिने नवऱ्याला काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही, पण रविवारी मुलगा आला. आला तो चराकडे न जाता आपल्या पिंजऱ्यांपाशी गेला आणि तारा तपासत बसला. ऊन चढलं होतं, आदल्या दोन दिवसांत पाऊस होऊन गेला होता आणि कडा काळा ओला दिसत होता. बाई, सून आणि तात्या चराच्या काठावर होते.

आधी आवाज आला. दार आपटल्यासारखा, कोरडा. कड्याच्या खाचेखालून काहीतरी सुटलं. धूर उठावा तशी धूळ उठली आणि त्या धुळीच्या पुढे एक दगड होता. कपाटाएवढा असेल. तात्यांना वाटलं होतं की दगड घरंगळत येतात. हा घरंगळत नव्हता. तो उडत होता. जमिनीला एकदा टेकला की माती फुटायची आणि तो पुन्हा वर जायचा, दोन पुरुष उंच, हवेत सावकाश स्वतःभोवती फिरायचा, इतका सावकाश की त्याच्या अंगावरचं शेवाळ दिसत होतं, आणि पुन्हा वीसेक मीटर पुढे टेकायचा. टेकला की आवाज कानात नाही, तळपायांत यायचा. मुलगा उभा राहिला होता. तो पळाला नाही. नंतर म्हणाला की पळायचं असतं हे त्याला आठवलंच नाही.

दगडाने चार उड्या मारल्या. चौथीनंतर तो एका जुन्या धोंड्यावर आदळला, त्याचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही गवतात जागच्या जागी बसले. मग कड्यावरून बारीक खडी बराच वेळ सळसळत खाली येत राहिली. पक्षी गप्प होते. हवेत ठिणगीचा वास होता, गारगोट्या घासल्यावर येतो तसा.

दगड पिंजऱ्यांपासून सत्तर मीटर वर थांबला होता. कुणालाही काही झालं नव्हतं. चरात मातीचा कणही पडला नव्हता.

सगळ्यात आधी बाई हलल्या. त्यांनी वर काय उरलंय ते दुर्बिणीतून पाहिलं, सगळ्यांना तासभर खाली ओढ्यापलीकडे थांबवलं, आणि मग फीत घेतली. तिचं दुसरं टोक धरायला तात्या पुढे झाले, तर मुलगा आधीच पोचला होता. बाई आणि मुलाने मिळून दगड टेकल्याचे चारही खळगे मोजले. पहिला गुडघाभर खोल होता. मुलगा त्यात उतरला, आत दबलेली माती हाताने चाचपली, आणि चराकडे बघून त्याने पहिल्यांदा विचारलं, "तिथे आतमध्येही असंच आहे का?"

बाई म्हणाल्या, आहे. पण तो धोंडा याच्या साठपट मोठा होता.

मुलाने डोळ्यांनी मोजलं. गवंडी माणूस, त्याला वजनाचा अंदाज होता. कपाट, मग साठ कपाटं. तो खळग्यातून बाहेर आला आणि चरात उतरला. दुपारभर तिथेच होता. बाईंनी त्याला काय काय दाखवलं ते तात्यांनी ऐकलं नाही, ते मशीनपाशी बसून राहिले होते. त्यांचे डोळे परत परत कड्यातल्या खाचेकडे जात होते. पण मनात भीती म्हणावी अशी नव्हती. साठ वर्षं ते या कड्याखाली वावरले होते, आणि तो काय आहे हे त्यांना आज मिनिटभर दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा कटर घेऊन आला आणि त्याने सळयांचे पिंजरे एकेक करून सोडवले. सळया त्याने लांबीप्रमाणे लावून ठेवल्या. संध्याकाळी तो तात्यांना म्हणाला, "तात्या, ओढ्याच्या पलीकडे जागा बघू. बाई म्हणतात भेगेपासूनही लांब पाहिजे. तुम्हाला आता माती कळते, तुम्ही सांगा."

खड्डे बुजवायला तात्यांना सकाळचे दोन तास लागले. स्वतः खणलेलं स्वतः बुजवायचा त्यांच्यावर याआधी प्रसंग आला नव्हता. मुलाकडे बघायचं त्यांनी टाळलं, पण मुलगाच फावडं घेऊन कडा सारखा करत होता.

चर बुजवायच्या आदल्या दिवशी तात्यांची बायको आली. तिने इतके दिवस येणार नाही म्हणून सांगितलं होतं, तिथे चिखल असतो. ती शिडीवरून उतरली, एका हाताने साडी सावरत आणि दुसऱ्याने सुनेचा खांदा धरून. सगळ्यांनी मिळून तिला थर दाखवले, एकाच वेळी, प्रत्येकाला आपल्यालाच जास्त कळलंय असं वाटत होतं. ती ऐकत होती. नदी, दलदल, रेती, तीन धक्के. मग तिने बाईंना विचारलं की यात माणसं कुठे आहेत.

बाईंनी हात वर केला. नांगरटीची माती, त्यांच्या डोक्याच्याही वर, दोन विती जाड. खापरपणजोबांपासून तिच्यापर्यंत सगळे त्यात होते.

तात्यांची बायको मान वर करून त्या पट्ट्याकडे बघत राहिली. मग तिने तळाच्या गोट्यांवर हात ठेवला आणि म्हणाली की अजून ओले आहेत.

घर पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यापलीकडे उभं राहिलं, एकमजली, हलकं छप्पर, खांब खालून वरून काँक्रीटच्या पट्ट्यांनी बांधलेले. मुलाने ते बाईंनी सगळे धोंडे मांडून काढलेल्या नकाशावर शिसपेन्सिलीने काढून बघितलं होतं, शेवटच्या दगडापासून नव्वद मीटर. तिथे ऊन जरा लवकर जायचं. सुनेच्या कपड्यांना मात्र आता रबराचा वास यायचा नाही. तो नकाशा पंचायतीच्या कचेरीतही लागला. कड्याखाली बांधणाऱ्या तिघांनी जागा बदलल्या. एकाने नाही बदलली, त्याच्याकडे मुलगा अजून जातो आणि फीत घेऊन जातो.

त्याच वर्षी बाई खिळ्यांची मोजणी करायला परत आल्या. वरच्या खडकापर्यंत बॅटरी मुलाने पाठीवर वाहिली, तिपाई तात्यांनी. यंत्र दोन दिवस तिथे ठेवायचं होतं, आणि तोवर कुणी जवळून चालायचंही नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाईंनी आकडे उतरवून घेतले आणि मांडीवरच्या संगणकावर पडताळले. सगळे आजूबाजूला बसले होते, सून आणि तात्यांची बायकोही चढून आल्या होत्या. आदल्या वर्षापासून चार मिलिमीटर. प्रयोगशाळेचंही उत्तर आलं होतं. काळ्या पट्ट्यातलं गवत तीन हजार वर्षांचं होतं.

मुलाने विचारलं, "चार मिलिमीटर कुठल्या दिशेला?"

बाईंनी हात सरळ करून दाखवलं. खिंडीच्या पलीकडे, थोडं उजवीकडे. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. समोरचा डोंगर स्वच्छ उन्हात उभा होता, त्याच्या माथ्यावर ढगाची एक सावली सरकत होती, आणि कितीतरी वेळ कुणी खाली उतरायचं नाव काढलं नाही.